बूटेड की साइक्स? सासवडकडच्या बाभळीतला वॉर्बलर

रानवाटा: नमस्कार मंडळी, दिवे घाट चढून सासवडकडच्या माळावर गेलो होतो, तिथे बाभळीत एक छोटा मातकट वॉर्बलर गटातला पक्षी बराच वेळ दिसला. आधी ब्लाइदचा रीड वॉर्बलर वाटला पण शेपटीचं टोक सरळ कापल्यासारखं आणि कडा पांढुरक्या, म्हणून तो बाद केला. आता बूटेड वॉर्बलर की साइक्स वॉर्बलर यावर गाडी अडलीय. फोटो आहेत पण रंग प्रत्येकात वेगळाच येतोय. नेमकं काय बघू?

टेकडीकर: रंगावर जाऊच नका दादा, सकाळच्या उन्हात दोन्ही सारखेच. चोच बघा, खालून. बूटेडची चोच छोटी आणि खालच्या चोचीच्या टोकाला काळपट डाग असतो, साइक्सची लांब आणि खालून जवळजवळ सगळी फिकट. मग भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट पट्टी, बूटेडची डोळ्याच्या मागेपर्यंत जाते आणि तिच्यावर बारीक गडद रेघ असते म्हणून चेहरा उठून दिसतो, साइक्सची डोळ्यापाशीच विरते आणि चेहरा अगदी कोरा वाटतो. साइक्सची शेपूटही लांब असते पण दोघं शेजारी असल्याशिवाय ते कळत नाही.

पाणथळ: बाभळीत वर होता की खाली? साइक्स झुडपात वरच्या फांद्यांत जास्त फिरतो, बूटेड खालच्या झुडपात, गवतात, शेताच्या बांधाला, कधी जमिनीवरसुद्धा उतरतो. नुसत्या जागेवरून ठरवू नका मात्र, दोघंही थंडीतले पाहुणे, आवाजही दोघांचा तसाच कोरडा चक्-चक्. पूर्वी साइक्सला बूटेडची उपजातच धरायचे. आणि पुणेकरांनी तरी हा पक्षी शिकून घ्यायलाच हवा, कर्नल साइक्स इथेच दख्खनमध्ये सरकारी आकडेवारीच्या कामावर होते, इथले पक्षी जमवून त्यांनी १८३२ साली जी यादी छापली तिच्यातच याचं पहिलं वर्णन आहे!

रानवाटा: वा, हे माहीतच नव्हतं! झूम करून बघितलं, भुवई पुसट आहे, वरच्या फांद्यांतच होता, पण चोचीच्या टोकावर काट्याची सावली आलीय.

टेकडीकर: मग साइक्सकडे कल आहे, पण चोचीचं टोक स्वच्छ दिसेल असा एखादा फोटो शोधा. नाहीच मिळाला तर ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, 'बूटेड/साइक्स' असा एकत्र पर्याय आहे, तो टाका, फोटो जोडा. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ती नोंद कितीतरी कामाची.