एजंटला पाठवायच्या आधी शब्द मोजा
८ ते १२ वयाच्या मुलांसाठी ९५ हजार शब्दांची इंग्रजी कादंबरी लिहून झालीये आणि आता लंडनच्या साहित्यिक एजंटांना (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्यांना) पाठवायचीय म्हणताय, तर आधी कात्री लावा हो, या वयाला साधारण ३० ते ५० हजार चालतात, फॅन्टसी असेल तर थोडे जास्त, पण नवख्याचे ९५ हजार बघून बरेच जण पहिलं पानही उघडणार नाहीत. तिकडे बहुतेक जण कव्हर लेटर, सिनॉप्सिस (म्हणजे पूर्ण कथेचा सारांश) आणि पहिली तीन प्रकरणं मागतात. सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगूनच टाकायचा, "पुढे काय होतं ते वाचाच" वगैरे तिथे नाही चालत. चित्रकार आत्ता शोधू नका, ते प्रकाशक बघतो. आणि नुसतं वाचायचे पैसे मागणारा एजंट भेटला तर सरळ पळा, खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच कमिशन घेतो, ब्रिटनमधल्या विक्रीवर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर २०. "माझ्या भाच्यांना खूप आवडली" हे लेटरमध्ये अजिबात नको, भाचेच ते, आवडली म्हणणारच! त्यापेक्षा अनोळखी मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि जिथे चुळबुळ सुरू होते तिथे पेन्सिलीने खूण करा, तुमचे जास्तीचे शब्द बहुतेक तिथेच सापडतील.