स्तनांची थ्रीडी सोनोग्राफी: रत्नागिरी-सिंधुदुर्गात मशीन आणावं का?

खाडीकाठ: आणावं. डेन्स, म्हणजे ग्रंथी जास्त आणि चरबी कमी असलेल्या स्तनांत मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) फसतो; ग्रंथीही पांढऱ्या, गाठही पांढरी. या थ्रीडी मशीनचा साधारण 15 सेंमी रुंद प्रोब, म्हणजे स्तनावर टेकवायचा भाग, आपोआप सरकतो. एका व्ह्यूला (एका बाजूने घेतलेल्या स्कॅनला) मिनिटभर, एका स्तनाचे सहसा तीन व्ह्यू. खरी गंमत कोरोनल कापात आहे, म्हणजे छातीला समांतर काढलेल्या कापात. कॅन्सरची गाठ भोवतालच्या ऊती ओढून घेते, आणि त्या रेषा चहूबाजूंनी गाठीकडे धावताना दिसतात. साध्या सोनोग्राफीत हा काप मिळत नाही. शिवाय स्कॅन कुडाळात, वाचन मुंबईत!

कातळसडा: एवढं सोपं नाही हो. मशीनला पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नुसत्या तंत्रज्ञाच्या हाती सोनोग्राफी सोपवणं कायद्यात बसवताना नाकी नऊ येतील. त्यात कॅल्शियमचे बारीक कण यात नीट दिसत नाहीत, काख सुटते. अमेरिकेत अशा मशीनला 2012 साली मान्यता मिळाली तीही डेन्स स्तनांसाठी, मॅमोग्राफीच्या जोडीला. तिच्या जागी नव्हे.

जेलची बाटली: स्कॅन बिघडतो तो बहुधा टेबलावरच. खांद्याखाली उशी सरकवून निप्पल छताकडे आणायचं, घाम पुसायचा, लोशन सगळीकडे सारखं लावायचं, निप्पलभोवती जरा जास्तच. हवा राहिली की काळी सावली पडते आणि तिच्यामागे गाठ लपते. बाई खोकली किंवा बोलली की कोरोनल चित्रात लाटा उठतात. तो व्ह्यू पुन्हा घ्या. घाईत दाब कमी पडला तर खोलवरचं काहीच धड दिसत नाही.

कातळसडा: मुंबईत टाटा मेमोरियलच्या चाचणीत सुमारे दीड लाख बायका होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. 50 पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. मशीनचा पैसा अशा तपासणीत घाला.

खाडीकाठ: आणि पन्नाशीच्या आतल्यांचं? त्यांच्यात तसा फरक दिसला नाही, हेही सांगा की. डेन्स स्तन जास्त त्याच वयात.

कातळसडा: मान्य. पण थ्रीडीने त्यांचे मृत्यू घटतात हे तरी कुठे सिद्ध झालंय? संशयास्पद काही दिसलं की हातातला प्रोब घेऊन पुन्हा बघणं आलं, मग 14 गेजच्या जाड सुईने बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढणं. ती जिल्ह्यात झाली नाही तर कणकवलीची बाई रिपोर्ट घेऊन परळला, टाटालाच जाणार.

जेलची बाटली: मग प्रस्तावातच लिहा: बायोप्सी गन, सुया, फॉर्मॅलिनच्या बाटल्या, आणि नमुना पॅथॉलॉजीला कोण, कोणत्या वारी नेणार. मशीनचं कोटेशन त्याच्या खाली.