परिवार ग्रुप : तीच दोन नावं दोनदा का छापलीत?

*२७ ऑक्टोबर २०२४, रविवार*

वंदनामावशी (फ्रीमाँट): रोहन, काल तुझ्याकडे आले होते तेव्हा तुम्हा दोघांची टपालाने आलेली बॅलट (मतपत्रिका) फ्रिजवर मॅग्नेटखाली बघितली. पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. ग्रुपवर लिहिणार नव्हते, पण मतदानाची ५ नोव्हेंबर तोंडावर आली.

रोहन (सनीव्हेल): भरतो गं मावशी. पण कॅलिफोर्नियाचा निकाल ठरलेलाच आहे. राष्ट्राध्यक्षपदाला कमला, सिनेटला डेमोक्रॅट शिफ. आमच्या दोन मतांनी काय फरक पडतो?

वंदनामावशी: मार्चमध्येही हेच म्हणाला होतास.

शलाका (अर्व्हाइन): झालं, मावशीने जुनी फाइल काढली 😄

विनायकमामा (सॅन रमोन): सर्वांना नम्र विनंती. सिनेटच्या दोन वेगळ्या निवडणुका आहेत. दोन्हींत मत द्या. पाकिटावर सही करा.

शलाका: मामा, तेच विचारणार होते. सिनेटसाठी शिफ आणि रिपब्लिकन गार्वी, दोघंही दोनदा आलेत. मला वाटलं छापताना घोळ झाला.

विनायकमामा: घोळ नाही. आपल्या सिनेटर डायान फाइनस्टाइन गेल्या वर्षी २९ सप्टेंबरला वारल्या. गव्हर्नर न्यूसमनी लफॉन्झा बटलरना नेमलं, पण त्या स्वतः उभ्या राहिल्या नाहीत. म्हणून जागा मोकळी. एक मत उरलेल्या मुदतीसाठी, म्हणजे ३ जानेवारीपर्यंत. दुसरं पुढच्या सहा वर्षांसाठी. एकच भरलं तर तेवढंच मोजतात.

सुहासकाका (कोथरूड): दोन महिन्यांसाठी खासदार! इकडे आमची २० नोव्हेंबरला विधानसभा. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, आमची ही चिन्हं पाठ करतेय. बरं, सिनेट म्हणजे आपली राज्यसभाच ना? मग आमदार निवडतील की.

विनायकमामा: पूर्वी तसंच होतं दादा. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून लोक थेट निवडतात. अख्खं राज्य एकच मतदारसंघ.

अनघाकाकू (कोथरूड): ते राहू दे. तुमच्याकडे लक्ष्मीपूजन कधी? आमचं १ ला.

वंदनामावशी: ३१ लाच. इथे अमावास्या १ ला पहाटे संपते.

शलाका: आम्ही १ ला करतोय. ३१ ला हॅलोविन, पोरं घरात थांबणार नाहीत.

वंदनामावशी: हॅलोविन बघून तिथी ठरत नाही शलाका.

शलाका: बरं.

विनायकमामा: वर गेलं म्हणून परत टाकतो. दोन्हींत मत द्या. पाकिटावर सही करा.

महेशदादा (प्लेझंटन): कुणाला द्यायचं तेही बोला ना मोकळेपणाने. टॅक्स बघा, पेट्रोलचे भाव बघा. मी गार्वीला देऊन मोकळा झालो.

रोहन: डॉजर्सच्या जुन्या बेसबॉलपटूला? त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी जायंट्सच्या इलाक्यात राहून?

महेशदादा: हसा. वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्स २-० ने पुढे आहेत.

वंदनामावशी: महेश, मला पटत नाही, पण तू मत टाकलंस याचा आनंद आहे. रोहन, हसण्यावारी नेऊ नकोस. तुला केटी पोर्टर हव्या होत्या. इथे मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या फेरीत, पक्ष न बघता पहिले दोघं पुढे जातात. शिफ, पोर्टर, बार्बरा ली तिघंही डेमोक्रॅट. शिफ यांच्या जाहिरातींत सारखं गार्वींचं नाव, कारण समोर रिपब्लिकन आला की नोव्हेंबर सोपा. पोर्टर तिसऱ्या, १५ टक्क्यांवर. निकाल ठरलाय म्हणतोस तो मार्चमध्ये ठरला, आणि तेव्हा तू घरी होतास. फाइनस्टाइन १९९२ पासून होत्या. अशी जागा किती वर्षांनी मोकळी होते!

रोहन: मार्चमध्ये अन्वी दोन आठवड्यांची होती मावशी. विसरलीस वाटतं.

वंदनामावशी: विसरेन कशी? डबा मीच आणत होते.

*रोहन यांनी हा मेसेज डिलीट केला.*

अनघाकाकू: अरे सणासुदीला काय हे.

सुनीलभाऊजी (क्युपर्टिनो): मी सहसा लिहीत नाही. आम्ही सतरा वर्षं इथे आहोत, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. टॅक्स भरतो, मत नाही. परवा मुलीने विचारलं, बाबा, आपल्याकडे ते पाकीट का नाही आलं? रोहन, तुझ्याकडे आलंय. भर बाबा.

विनायकमामा: दोन्हींत मत द्या. पाकिटावर सही करा.

रोहन: मामा, वाचलं. भाऊजी, आज रात्री भरतो, उद्या ऑफिसला जाताना ड्रॉप बॉक्समध्ये टाकतो. मावशी, सॉरी.

वंदनामावशी: सॉरी नको. अन्वीला संध्याकाळी माझ्याकडे सोडा आणि दोघं शांतपणे बसून भरा. प्रपोझिशन्सही (राज्याचे थेट मताला टाकलेले प्रस्ताव) वाचा, दहा आहेत.

विनायकमामा: सही रजिस्ट्रेशनला किंवा लायसन्सवर आहे तशीच करा. जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं, मग परत सही पाठवायची.

शलाका: मामा, माझी लायसन्सवर मराठीत आहे.

विनायकमामा: मग मराठीतच कर.