मोठ्यांसाठीची ऑटिझम प्रश्नावली मराठीत केली आहे, गुणांवर कितपत विसंबावं?

प्रभातरोड

आमच्या समुपदेशन केंद्रात पंचविशी-तिशीतले बरेच जण "मला ऑटिझम आहे का?" हाच प्रश्न घेऊन येतात. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी आम्ही एक्यू-10 ही दहा प्रश्नांची, माणसाने स्वतः भरायची प्रश्नावली मराठीत केली. दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर (मराठीतून परत इंग्रजीत) करून घेतलं, ते मुळाशी जवळजवळ शब्दशः जुळलं. तरीही भरताना लोक अडखळतात, "म्हणजे नेमकं काय?" विचारतात. 10 पैकी 6 किंवा जास्त गुण आले की पुढे तपासणीला पाठवायचं, ही रेषा अशा वेळी वापरावी का?

नळस्टॉप

उलट भाषांतर इतकं चोख जुळलं, हीच मला शंकेची जागा वाटते. शब्दाला शब्द ठेवला की ते जुळणारच. "दोन ओळींच्या मधलं वाचणं" परत इंग्रजीत नेलं तर बिनचूक येतं, पण मराठी माणसाला आधी छापील ओळीच दिसतात. तिथे "समोरच्याने स्पष्ट न बोललेलंही मला सहज कळतं" असं हवं. "संपूर्ण चित्र" (म्हणजे बारकाव्यांऐवजी एकूण गोष्ट) वाचून भिंतीवरचं चित्र आठवतं.

सगळ्यात धोक्याचा पहिलाच प्रश्न. "इतरांना ऐकू न येणारे आवाज मला ऐकू येतात" असं लिहिलं असेल तर आजच बदला. आपल्याकडे "आवाज ऐकू येतात" म्हटलं की माणसाला वेडाची भीती वाटते, तो घाबरून "नाही" वर खूण करतो. "घड्याळाची टिकटिक, फ्रिजची घरघर असे बारीक आवाज इतरांच्या लक्षात येत नाहीत तेव्हाही माझ्या लक्षात येतात" असं करून पाहा.

क्रियापदाचं लिंगही सांभाळा. "मी करतो" छापलं की बायकांना प्रश्न दुसऱ्या कुणासाठी असल्यासारखा वाटतो. "मला जमतं", "मला आवडतं" अशी रचना घेतली की एकच प्रत पुरते.

मग आठ-दहा जणांना, त्यात कमी शिकलेलेही घ्या, प्रत्येक प्रश्नानंतर दोनच गोष्टी विचारा: हे तुमच्या शब्दांत सांगा, आणि उत्तर देताना कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आला? तीन जण एकाच ठिकाणी घसरले तर दोष वाक्याचा. शब्द बदलण्याआधी मात्र ही प्रश्नावली तयार करणाऱ्या केंब्रिजच्या ऑटिझम रिसर्च सेंटरकडे परवानगीचं आणि आधी झालेल्या भाषांतरांचं विचारून घ्या.

पर्वतीपायथा

वरच्याशी सहमत. गुणांबद्दल थोडं.

या प्रश्नावलीत "पूर्ण" आणि "थोडं" सहमत दोन्हींना सारखाच गुण मिळतो. म्हणजे सगळा भार मधल्या सीमेवर. मराठीत "थोडासा सहमत" हे पुष्कळांना नकाराचं सभ्य रूप वाटतं, त्यामुळे खूण सरकते आणि गुण उलटतो. "अगदी बरोबर, बरंचसं बरोबर, फारसं बरोबर नाही, अजिबात बरोबर नाही" असे पर्याय ठेवा. दहापैकी सहा प्रश्नांत असहमतीला गुण आहे, तेव्हा त्या वाक्यांत "नाही" घुसू देऊ नका. "मला अवघड जात नाही" याला असहमत म्हणजे काय, हे शांतपणे बसूनही उलगडत नाही.

6 ची रेषा 2012 च्या ब्रिटिश अभ्यासातली आहे. त्यात ऑटिझम असलेल्यांपैकी 88 टक्क्यांना 6 किंवा जास्त गुण आले, नसलेल्यांपैकी 91 टक्के खाली राहिले. ऐकायला छान. पण 1000 जणांत 10 जणांना ऑटिझम आहे असं धरा: त्यातले सुमारे 9 सापडतील आणि नसलेले सुमारे 89 जणही रेषेच्या वर येतील. तुमच्याकडे शंका घेऊनच लोक येतात, त्यामुळे प्रमाण वेगळं पडेल. पण त्यांच्यात सामाजिक भीती, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण, चंचलता), नैराश्य असलेलेही असतात, आणि त्यांचेही गुण चढतात.

म्हणून कागदावर "ऑटिझम आहे/नाही" असा शेरा कधीच देऊ नका. कमी गुण आले म्हणून कुणाला परतही पाठवू नका. वर्षानुवर्षं निरखून, पाठ करून वागायला शिकलेल्यांचे गुण कमी येतात.

प्रभातरोड

पर्याय आजच बदलते. पण पुढचा टप्पा कसा ठेवावा? आयएसएए, म्हणजे ऑटिझम मोजण्याची भारतीय मापनपट्टी, चालेल का?

पर्वतीपायथा

आयएसएए वेगळ्या कामाची. तिच्या 40 बाबींवर तपासणारा निरीक्षण करून आणि पालकांशी बोलून गुण देतो, माणूस स्वतः भरत नाही. दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना ती लागते.

तुम्ही लहानपणाची माहिती गोळा करा, कारण निदानाला लक्षणं बालपणापासूनची असावी लागतात. आई, मोठी बहीण, मावशी, जी उपलब्ध असेल ती. "मित्र होते का?" असं विचारलं तर "हो, होते की" एवढंच येतं. "मधल्या सुट्टीत कुठे असायचा, कुणाबरोबर?" असं विचारा. जुनी प्रगतिपुस्तकं मागवा. गुणांपेक्षा बाईंचे शेरे वाचा. हे सगळं, भरलेल्या प्रश्नावलीसकट, मोठ्यांचं निदान करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि ज्या प्रश्नांवर माणूस अडखळला त्यांच्यापुढे तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा.