लॅबचं ‘एसटीडी पॅकेज’ घ्यावं का? नेमकं काय तपासायचं आणि कधी?

कोरा_कागद
वय 22, पुण्यात होस्टेलवर. कंडोमशिवाय संबंध आला त्याला साधारण महिना होत आला. तोंडावाटेही होता. त्रास काहीच नाही, पण तपासून घ्यायचंय. एका लॅबच्या साइटवर एसटीडीचं (संबंधातून पसरणाऱ्या आजारांचं) दहा-बारा तपासण्यांचं पॅकेज आहे: एचआयव्ही, व्हीडीआरएल, हर्पिस आयजीएम, क्लॅमिडिया आयजीजी, युरीन रुटीन वगैरे. ते घ्यावं की सरकारी दवाखान्यात जावं? तिथे काय काय विचारतात? उपदेश नको, माहिती द्या.

परीक्षानळी
हे पॅकेज नको. यादी लांब आहे, पण हवं ते नाही आणि नको ते आहे.

हर्पिस आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं बघणारी टेस्ट) तर अजिबात करू नका. ती दुसऱ्याच विषाणूंमुळे पॉझिटिव्ह येते, जुना हर्पिस पुन्हा उठला तरी येते आणि कधी काहीच नसताना येते. ओठावर उठणाऱ्या फोडांचा आणि जननेंद्रियावरच्या हर्पिसचा फरकही त्यातून कळत नाही. हर्पिसची खरी तपासणी म्हणजे ताज्या फोडाचा स्वॅब घेऊन पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट). फोडच नसेल तर तपासायला काही नाही. क्लॅमिडिया आयजीजी हीही प्रतिपिंडांचीच, रक्तातून करतात. संसर्ग आत्ता आहे की कधीकाळी होऊन गेला, हे ती सांगत नाही. युरीन रुटीनमध्ये पू-पेशी दिसतील, क्लॅमिडिया किंवा गोनोरिया (संबंधातून पसरणारे जिवाणूंचे आजार) नाही.

तुम्हाला हव्यात त्या एवढ्याच:

एचआयव्ही, चौथ्या पिढीची. म्हणजे प्रतिपिंडं आणि पी-24 अँटिजेन (विषाणूचंच एक प्रथिन) दोन्ही शोधणारी. शिरेतून रक्त घेऊन केली तर 45 दिवसांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट पक्का धरतात. बोटाला टोचून केलेल्या रॅपिड टेस्टसाठी 90 दिवस. महिन्याला केली तर बराच अंदाज येतो, पण शेवटचा शब्द नव्हे.

सिफिलिस. व्हीडीआरएल किंवा आरपीआर (या चाळणीच्या टेस्ट), सोबत टीपीएचए (ही खात्रीची). एकटी व्हीडीआरएल मलेरियात, काही तापांत, गरोदरपणात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी आकडा (नमुना किती पातळ केला तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते तो) बहुधा 1:8 च्या खाली असतो आणि टीपीएचए निगेटिव्ह. संसर्ग खरा असेल तर टीपीएचए उपचारानंतरही बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे औषध लागू पडलं का, हे आरपीआरचा आकडा चौपट उतरला का (1:32 वरून 1:8) यावरून ठरतं. आता एकदा आणि 90 दिवसांनी एकदा करा.

क्लॅमिडिया आणि गोनोरिया, पीसीआर. संबंधानंतर दोन आठवडे उलटले की चालते. महाग तपासणी आहे, पण पैसे घालायचेच तर इथे घाला. दोन्ही आजार गुपचूप बसतात.

हिपॅटायटिस बी: एचबीएसएजी (संसर्ग आहे का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का). दुसरी यासाठी की देशभरच्या सरकारी लसीकरणात ही लस 2011 च्या सुमाराला आली. आज विशी-बाविशीत असलेल्यांपैकी अनेकांना ती आईबापांनी खासगीत दिली असेल तरच मिळालीय. अँटी-एचबीएस 10 च्या खाली, एचबीएसएजी निगेटिव्ह आणि लसीची नोंदही नाही, असं असेल तर 0, 1, 6 महिने असे तीन डोस घेऊन टाका.

स्लाइड_नंबर_चार
वरच्या प्रतिसादाला जोड, नमुन्याबद्दल. पीसीआर इथेच फसते.

लघवी *पहिल्या धारेची* लागते. काउंटरवरचा माणूस सवयीने “मधली धार भरा” म्हणतो, कारण कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी) तशीच लागते. पण इथे जंतू मूत्रमार्गाच्या भिंतीला असतात, ते पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. आधी किमान तासभर, जमल्यास दोन तास लघवीला जायचं नाही. जागा आधी धुवायचीही नाही, पुसायचीही नाही. पहिली 20 ते 30 मिली भरली की डबी बाजूला, उरलेली भांड्यात. डबी काठोकाठ भरली तर नमुना पातळ होतो आणि थोडे जंतू असतील तर निसटतात.

तोंडावाटे संबंध होता म्हणताय, म्हणून: घशातला गोनोरिया लघवीत दिसत नाही. घशाचा स्वॅब वेगळा मागावा लागतो. गुदमार्गाचंही तेच. लॅब स्वतःहून विचारत नाही, चिठ्ठीवर जागा लिहून आणा.

गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठलीही अँटिबायोटिक घेतली असेल, अगदी दाढेसाठी का असेना, तर सांगा. रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

आणि ‘सात जंतूंचा’ मल्टिप्लेक्स पीसीआर केलात तर त्यात युरियाप्लाझ्मा किंवा मायकोप्लाझ्मा होमिनिस निघून घाबरगुंडी उडेल. लक्षणं नसताना हे अनेक धडधाकट लोकांत सापडतात आणि त्यावर औषध देत नाहीत.

गावकुसाबाहेर
एवढा खर्च कशाला? रक्तदान शिबिरात जाऊन रक्त द्यायचं. सगळं तपासतात, काही निघालं तर कळवतात. फुकट.

परीक्षानळी
@गावकुसाबाहेर, कृपा करून हे कोणाला सुचवू नका. विंडो पिरियडमध्ये (संसर्ग झालाय पण टेस्टमध्ये अजून दिसत नाही, त्या काळात) असलेल्याचं रक्त तपासणीतून सुटू शकतं आणि सरळ एखाद्या पेशंटला चढतं. म्हणूनच फॉर्मवर धोक्याच्या संबंधांबद्दल प्रश्न असतो. शिवाय तिथे क्लॅमिडिया-गोनोरिया बघतच नाहीत.

समुपदेशक_ताई
सरकारी बाजू सांगते.

दोन दारं आहेत. आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र: एचआयव्हीसाठी, मोफत. जिल्हा रुग्णालय, अनेक ग्रामीण रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं इथे असतं. पुण्यात ससूनमध्ये आहे. दुसरं ‘सुरक्षा क्लिनिक’, ते बहुतेक त्वचा व गुप्तरोग ओपीडीशी जोडलेलं असतं. तिथे तपासून सिफिलिसची टेस्ट आणि लक्षणांनुसार औषधाचं किट मिळतं. पीसीआर मात्र बहुतेक ठिकाणी नाही. तुम्हाला लक्षणंच नाहीत, म्हणून ती खासगीत करावी लागेल. जवळचं केंद्र कुठे आहे ते 1097 वर विचारा, टोल-फ्री आहे.

विचारतात ते असं: शेवटचा संबंध कधी, कोणत्या प्रकारचा, कंडोम होता का, जोडीदार एक की अनेक, पुरुष की स्त्री, सुई टोचून नशा केली होती का. लग्न झालंय का हेही फॉर्मवर असतं. खरं सांगा, तपासणी त्यावरच ठरते. बोलणं समुपदेशकाच्या खोलीत, दार लावून होतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. 18 पूर्ण असतील तर आईवडिलांची सही लागत नाही.

पहिली रॅपिड टेस्ट ‘रिॲक्टिव्ह’ आली म्हणजे निदान झालं असं नाही. वेगळ्या तत्त्वावरच्या आणखी दोन टेस्ट होतात, तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबच्या एका कागदावर कोणी निष्कर्ष काढू नये.

आणि हे तुम्हाला आता लागू नाही, पण धागा वाचणाऱ्यांसाठी: संबंधाला 72 तास उलटले नसतील तर टेस्टची वाट बघू नका, थेट सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन पीईपी (एचआयव्हीचा संसर्ग टाळायची औषधं) मागा. 28 दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो. जितक्या लवकर सुरू, तितका उपयोग.

निळी_शाई
मुलींसाठी काही वेगळं आहे का?

स्लाइड_नंबर_चार
आहे. क्लॅमिडिया-गोनोरियासाठी लघवीपेक्षा योनीतला स्वॅब चांगला. तो स्वतःचा स्वतः घेता येतो: साधारण दोन इंच आत, 10 ते 30 सेकंद हलके गोल फिरवायचा, टोकाला हात न लावता नळीत घालून खुणेच्या जागी काडी मोडायची. व्हजायनल कल्चर ही वेगळी तपासणी आहे, तिच्यात क्लॅमिडिया उगवत नाही. बहुतेक मुलींना लक्षण नसतं आणि दुर्लक्ष झालं तर गर्भनलिकांना इजा होते. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची) टेस्ट विशीत सहसा करत नाहीत, लस मात्र 26 पर्यंत घेता येते. या वयात 0, 2, 6 महिने असे तीन डोस.

कोरा_कागद
धन्यवाद सगळ्यांना. दोन शंका. होस्टेलवरचा मित्र म्हणतो मेडिकलवाला ॲझिथ्रोमायसिन देतो, ती खाल्ली की विषय संपला. आणि त्या लॅबमध्ये आधी डेंग्यूची टेस्ट झाली होती, तेव्हा आईचा नंबर दिला होता.

परीक्षानळी
ॲझिथ्रोमायसिनच्या एका डोसने गोनोरिया आता भरवशाने जात नाही, सिफिलिस अर्धवट दबतो आणि पुढच्या टेस्टवर पाणी फिरतं. तपासा, मग औषध. क्लॅमिडिया निघालाच तर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस देतील. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका जळते. तेवढे दिवस संबंध नको आणि जोडीदाराचाही उपचार एकदमच, नाहीतर दोघांत चेंडू फिरत राहतो. चार आठवड्यांच्या आत पीसीआर परत करू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनए पकडून पॉझिटिव्ह दाखवते. तीन महिन्यांनी करा.

स्लाइड_नंबर_चार
नंबरचं बघाच. जुन्या नोंदीवर बिल फाडलं की रिपोर्टची लिंक आपोआप त्या व्हॉट्सॲपवर जाते. काउंटरवर रक्त देण्या*आधी* सांगा: “नवीन रजिस्ट्रेशन करा, हा नंबर, हा ईमेल,” आणि पावतीवर छापलेला नंबर वाचून घ्या. नमुना घ्यायला माणूस बोलावलात तर त्याचा फोन होस्टेलच्या गेटवरून येणार, त्यापेक्षा लॅबमध्येच जा. नाव मात्र खरंच द्या. रिपोर्ट डॉक्टरला दाखवताना आणि तीन महिन्यांनी ताडून बघताना तेच लागतं.