हेडलाइटची वायर सोडा, बॅटरीवरून घ्या

मोटारसायकलवर जीपीएससाठी चार्जरची वायर हेडलाइटच्या वायरीतून काढली तर चालेल का, असं विचारलंय. नको. जुन्या, छोट्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या करंटवर) चालतो, डीसीवर (बॅटरीच्या एकाच दिशेच्या करंटवर) नव्हे. तिथं बारा व्होल्टचा चार्जर जोडला की गेलाच. बॅटरीवरून थेट घ्या. प्लसच्या वायरीला, बॅटरीला लागूनच, ३ अँपियरचा फ्यूज. पुरतो तो, पाच व्होल्ट, दोन अँपियरचा चार्जर बॅटरीकडून जेमतेम एक अँपियर ओढतो. मधे छोटा रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच) टाकून त्याची कॉइल चावी लावल्यावरच चालू होणाऱ्या डीसी वायरीवर घ्या, म्हणजे चावी बंद केली की चार्जर बंद. नाहीतर आठवडाभर उभी राहिलेली गाडी किक मारून सुरू करत बसा.

वायर टाकीखालून नेताना हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, ताण येता कामा नये. आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटात पावसात जाणार असाल तर चार्जरच्या खाली वायरीला झोल ठेवा, पाणी तिथूनच गळून पडतं. सांध्यावर नुसती टेप गुंडाळून भागत नाही, श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) घाला. (घाटात रेंजचा भरवसा नाही, नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा.)

माउंटचं म्हणाल तर फोन लावणार असाल तर रबरी डँपरवालाच (थरथर शोषणारा) घ्या. इंजिनाच्या थरथरीनं कॅमेरा खराब होऊ शकतो, असं अ‍ॅपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. खानापूर रस्त्याचे खड्डे वेगळेच!