वापरलेली एक्ससी९० टी८ घेण्याआधी
२०१९ची व्होल्वो एक्ससी९० टी८ नाशकात मिळतेय, घेऊ का, असं विचारलंत. ही प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनही आणि घरी चार्ज करायची बॅटरी-मोटरही. गाडी छानच आहे, पण किलोमीटरच्या आकड्याआधी बॅटरी बघा. रात्रभर चार्ज करून सकाळी ‘प्युअर’ मोडवर (म्हणजे फक्त विजेवर) त्र्यंबकच्या रस्त्याला लागा, पाय हलका ठेवा. नवी असताना ती कंपनीच्या आकड्यानुसार विजेवर ४० किलोमीटरच्या आसपास जायची. त्याच रस्त्यावरचं, शहरालगतचं सातपूर ओलांडायच्या आतच इंजिन सुरू झालं, तर सरळ नको म्हणा. मागची चाकं फक्त विजेची मोटर फिरवते, पेट्रोल इंजिन पुढची. म्हणून काच खाली करून मागून घरघर येते का ऐका. येत असेल तर मोटर बिघडलेली असू शकते, आणि तिची दुरुस्ती फार महाग पडते. आणि तुमच्या सोसायटीत चार्जिंगची सोय आहे ना? नसेल तर घेऊ नका, बॅटरीचं नुसतं ओझं वाहाल.